शय्यादानातली बाटली

आमच्या कामाला वास आहे. ओल्या पंचांचा, शिजलेल्या भाताचा, काळ्या तिळांचा, तुपाचा, गोवरीच्या धुराचा, आणि या सगळ्याखाली नदीचा. तीसेक वर्षं मी रामकुंडावर लोकांचे दहावे-बारावे करतो आहे. वडील हेच करत, त्यांचे वडीलही हेच. हा वास आंघोळीने जात नाही. बायको म्हणते, तो कपड्यांत नाही, तुमच्यातच मुरलाय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्याशी वाद घालण्याची उमेद माझ्यात उरलेली नाही, आणि बहुधा तिचंच बरोबर आहे.

मी दमलोय, हे हल्ली कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक सकाळी चालायला जा म्हणतात. मी सकाळी काय करतो हे त्यांना माहीत नसतं. मी सकाळी थंड पाण्यात पाय घालून उभा असतो आणि समोर कुणीतरी रडत असतं. सुरुवातीला मी थांबायचो, रडणं ओसरू द्यायचो. आता पुढचा मंत्र म्हणतो, कारण मागे दुसऱ्या घरची माणसं ताटकळलेली असतात. त्यात सिंहस्थ जवळ आला म्हणून सगळं गाव खोदून ठेवलंय. स्कूटर घेऊन घरी पोचेपर्यंत धूळ खाऊन खाऊन पोट भरतं, आणि मग बायको विचारते, जेवायला काय करू. मला त्या प्रश्नाचासुद्धा राग येतो. खरं तर त्या बिचारीचं काय चुकलं?

तर बाटलीबद्दल सांगत होतो. अजून सांगायला सुरुवातच केली नव्हती म्हणा.

बाराव्याला आमच्याकडे शय्यादान असतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते सगळं ब्राह्मणाला द्यायचं. गादी, उशी, पांघरूण, तांब्या-भांडं, छत्री, वहाणा, आणि शिवाय त्याला जे आवडायचं ते. शास्त्राने वहाणा चामड्याच्या सांगितल्या असतील, हल्ली रबरी स्लीपर येते, तीही कुणाच्या मापाची ते देव जाणे. आवडत्या वस्तूंत मी काय काय घेतलंय! चष्मे, रेडिओ, पत्त्यांचे कॅट, एकदा तर पोपटाचा रिकामा पिंजरा. बायकोचा नियम कडक आहे: आलेली वस्तू दिवेलागणीच्या आत घराबाहेर गेली पाहिजे. गाद्या वृद्धाश्रमात जातात, छत्र्या मखमलाबाद रस्त्याला फुलं विकायला बसणाऱ्या बायकांना. 'आपलं घर आहे, परलोकाचं गोदाम नाही,' असं ती म्हणते. मी हो म्हणतो.

गेल्या वर्षी नाशिकरोडच्या एका गृहस्थांचा बारावा माझ्याकडे होता. कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी आधीच गेलेली, मुलगी एकुलती एक. ती पुण्याला नोकरी करते, चाळिशीची असेल. क्रियेला तिचा चुलतभाऊ बसला होता. मुलगी बसली तरी माझी हरकत नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तिच्या काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यामुळे ती पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पिशवीतून एकेक वस्तू पुढे करत होती. वडिलांचं सगळं आजारपण काढलं ते तिने, आणि दर्भ दुसऱ्याच्या बोटात. पण तेही मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला नीट चीडसुद्धा येत नाही.

सगळ्यात शेवटी तिने एक बाटली काढली. चौकोनी, जाड काचेची, काळं बूच, लेबलावरची सोनेरी अक्षरं पुसत आलेली. आत मधाच्या रंगाचं अत्तर अर्ध्याहून थोडं जास्त.

"बाबांचं सेंट आहे," ती म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हापासून हेच लावायचे. ही शेवटची बाटली. आता हे मिळत नाही."

तिने ती पाटावर ठेवली, पण हात काही काढेना.

"आवडती वस्तूच द्यायची असते गं," काका म्हणाले. "त्याला पोचते ती."

तिने हात काढला. मी चुलतभावाला पळीने पाणी सोडायला सांगितलं. पाणी सोडलं की वस्तूवरचा हक्क सुटतो, आणि दिलेलं दान मनातही परत मागायचं नसतं. हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, नेहमी सांगतो तसं.

घरी आल्यावर बायकोने गादी-भांड्यांची वासलात लावली आणि बाटली माझ्यापुढे धरली. "हे कुणाला द्यायचं? फुलवाल्या बायकांना तर नको ना?"

मी बूच काढलं. ही स्प्रेची बाटली नव्हती, बोट लावून घ्यायची होती. पहिला वास आला तो कडू. मोसंब्याची साल नखाने सोलताना उडतो तसा, आणि त्यात दवण्यासारखा काहीतरी पाला. ठीक आहे, म्हणून मी बूच लावणार तेवढ्यात खालून चामडं वर आलं. नवंकोरं नाही. खूप वापरलेलं, पॉलिश खाल्लेलं, उन्हात तापून सावलीत आलेलं चामडं, आणि त्याला धुराची कड.

"शी!" बायको म्हणाली. "देवघरासमोर चपला आणल्यासारखं वाटतंय."

आमच्या घरात चामड्याची जागा दाराबाहेर. क्रियेला बसताना मी पाकीट, पट्टा, घड्याळ सगळं काढून ठेवतो. वडिलांचा हात तर चुकून कुणाच्या चामडी पिशवीला लागला तरी ते पुन्हा आंघोळीला जायचे. त्यामुळे बाटली बाल्कनीत गेली, कुंड्यांच्या मागे. पण बोटाला लागलेलं अत्तर माझ्याबरोबर घरात राहिलं. जेवताना जाणवत नव्हतं. झोपायला टेकलो, हात उशाखाली गेला, आणि ते पुन्हा आलं. आता त्यातला कडूपणा गेला होता. जुन्या भिंतीवरचं शेवाळ पावसानंतर वाळू लागतं तेव्हा जो वास येतो, तसलं काहीतरी, थोडी तंबाखू, आणि मऊ पडलेलं चामडं. कुणीतरी शांत माणूस शेजारच्या खुर्चीत बसलाय आणि त्याला माझ्याकडून काहीही नकोय, असं वाटलं. माझ्याकडून काहीही नको असलेला माणूस मला कित्येक वर्षांत भेटलेला नव्हता. मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला बाटलीचा फोटो पाठवला. तो औषधांच्या कंपनीत आहे आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा त्याचा समज आहे. या वेळी मात्र खरंच कळत होतं. "मामा, यात चामडं औषधालाही सापडायचं नाही," तो फोनवर म्हणाला. "जुन्या काळी तिकडे थंड देशांत कातडी मऊ करायला झाडाच्या सालीचं डांबर चोळायचे. त्या डांबराचा वास म्हणजेच लोकांना चामड्याचा वास वाटायला लागला. ते झाड म्हणजे बर्च. आपलं भूर्ज त्याच्याच घरातलं."

भूर्ज! ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत तेच. मी तावातावाने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हे सांगितलं.

"म्हणजे आता तुम्ही पोथी चोळून फिरणार," ती म्हणाली. पण बाटली बाल्कनीतून आत आली. देवघरात नाही, माझ्या कपाटात, पंचांच्या मागे.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला. घाटावरून आलो की आंघोळ, स्वच्छ सदरा, आणि एक बोट ओलं करून गळ्याखाली आणि मनगटावर. एकच बोट. कामावर जाताना कधीच नाही, सोवळ्यात हे चालणारं नव्हतं आणि मला ते तिथे न्यायचंही नव्हतं. मग बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचं आणि वाट पाहायची. या अत्तराची गंमत ही की ते घाई करत नाही. पहिला कडू भाग नाकाला झोंबतो, तो सहन करावा लागतो. मग चामडं येतं, ऐटीत. आणि पुष्कळ वेळाने, आपण त्याचा नाद सोडून दुसऱ्याच विचारात असताना, ते अंगाशी मिसळून जातं. आजकालची सेंटं दारातून आत येतानाच आपली सगळी ओळख सांगून मोकळी होतात आणि मग बोलायला काही उरत नाही. हे तसं नव्हतं. कुणीतरी फार धीराने, कुणाला खूश करायची घाई नसताना केलेलं काम होतं ते. मला काम ओळखता येतं. मीही एकेकाळी मंत्र तसे म्हणायचो.

मेलेल्या माणसाचं अत्तर लावतोय, असं मला कधी वाटलं नाही. माझ्या पोटात जाणारं अन्नही मेलेल्यांच्याच नावाचं असतं.

मात्र ते संपत होतं. म्हणून एकदा मी त्र्यंबकच्या कामावरून परतताना वाट वाकडी करून कॉलेज रोडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. तिथली मुलगी मला बघून गोंधळली. मी नाव सांगितलं. तिने त्याच नावाची नवी बाटली काढली आणि कागदाच्या पट्टीवर फवारा मारून दिला. मी दुकानाबाहेर फुटपाथवर उभा राहून ती पट्टी बराच वेळ हुंगली. नाव तेच, लेबल तेच, आत मात्र साबण. चामडं कुठे नव्हतं. होता तो चामड्याचा फोटो. माझ्या घरी आहे तेवढंच आता आहे, हे मला तिथे कळलं, आणि त्या दिवसापासून एक बोट अर्धं झालं.

यंदा त्या गृहस्थांचं वर्षश्राद्ध आलं. नाशिकरोडचं घर अजून विकलेलं नव्हतं, तिथेच केलं. श्राद्धाला दोन ब्राह्मण बसवतात. एक देवांच्या जागी आणि एक पितरांच्या जागी. या वेळी मंत्र सांगायला दुसरे गुरुजी होते आणि मला त्यांनी पितरांच्या जागी बसवलं. म्हणजे तेवढ्या वेळापुरता तो गेलेला माणूस मीच. यजमानाने माझे पाय धुवायचे, गंध लावायचं, मला जेवू घालायचं, आणि शेवटी विचारायचं, तृप्त झालात का? मी म्हणायचं, झालो. किती घरांत मी हे म्हटलंय याचा हिशेब नाही. किती जणांचा बाप झालोय, किती जणांची आई. एकदाही मला काही वाटलेलं नाही, वडे तेवढे कुठे बरे होते ते आठवतं. त्या दिवशीही चुलतभावाने पाय धुतले, विचारलं, मी म्हटलं, झालो. मला दुपारची झोप अनावर होत होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. निघताना ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, संध्याकाळी तुमच्या घरी येऊ का? पंधरा मिनिटंच."

काही शांत-बिंत विचारायची असेल, असं मला वाटलं. या म्हटलं.

घरी येऊन मी झोपलो, उठलो, आंघोळ केली, आणि सवयीने अत्तर लावलं. ती येईपर्यंत बराच वेळ गेला, रस्ते खोदलेले. बेल वाजली तेव्हा मी दार उघडलं.

ती आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली, एक पाय चपलेतून अर्धा काढलेला. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हिला चक्कर येतेय. मग तिने भिंतीला हात लावला आणि रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलं रडतात तशी. बाराव्याला ही बाई रडली नव्हती. आतून बायको धावत आली. मी नुसता उभा. घाटावर असतो तर पुढचा मंत्र म्हटला असता.

पाणी प्यायल्यावर ती बोलली. "मी त्या बाटलीसाठीच आले होते. परत मागायची नसते, मला माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं. मला फक्त एकदा वास घ्यायचा होता. तुम्ही कुणाला देऊन टाकली असेल असं वाटलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांचे हजार फोटो आहेत गुरुजी. फोनमध्ये आवाज आहे. शर्ट होते, ते मावशीने चांगुलपणाने धुऊन टाकले. वास कुठेच राहिला नाही. आणि होता तो मी माझ्या हाताने पाटावर ठेवून आले."

मी उठून बाटली आणली. तळाला दोन बोटं उरलं असेल. खोटं कशाला सांगू, आणताना जिवावर आलं होतं. पण समोर ठेवली आणि म्हटलं, "न्या. तुम्ही परत घेत नाही, मी देतोय. ब्राह्मणाने दिलेलं घ्यायला काही अडचण नाही." असं शास्त्रात कुठे आहे का, मला ठाऊक नाही. मी ते तिथल्या तिथे तयार केलं.

तिने घाईघाईने बूच काढून नाकाशी नेलं. आणि तिचा चेहरा उतरला. "हे नाही," ती म्हणाली. तिने मनगटाला लावून पाहिलं, थांबून पुन्हा हुंगलं, दुसऱ्या हाताला लावलं. "हे डोक्यात जातंय. आणि माझ्या अंगावर काहीतरी वेगळंच येतंय. बाबा यायचे तेव्हा असं नव्हतं. आत्ता दारात होतं ना, तसं." ती बूच लावत राहिली. ते वाकडंच बसत होतं.

मला कळलं काय ते. बाटलीत फक्त सुरुवात असते. त्याला तास-दीड तास लागतो आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या पुरुषाचं अंग लागतं. तिच्या वडिलांचा वास बाटलीत कधी नव्हताच. तो कारखान्यातून घरी येईपर्यंत तयार व्हायचा.

तिने बाटली माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडेच राहू दे. माझ्या काही उपयोगाची नाही."

"बसा थोडा वेळ," मी म्हटलं. "गाडीला अजून वेळ असेल."

दोन खुर्च्या बाल्कनीत शेजारी शेजारी आहेत, त्यातल्या बायकोच्या खुर्चीत ती बसली. मी माझ्या. दोघांनीही रस्त्याकडे तोंड केलं, एकमेकांकडे बघायचं म्हणजे अवघड झालं असतं. खाली पाइप टाकायचं काम चाललं होतं, एक जेसीबी मागे-पुढे होत होता. दिवेलागण झाली. आमच्याकडे या वेळेला देवापुढे उदबत्ती लागते आणि आत भाजीला फोडणी पडते, यात आजवर खंड नाही. त्या दिवशी बायकोने नुसतं निरांजन लावलं. उदबत्तीचा पुडा हातात घेऊन तिने तो परत ठेवलेला मी पाहिला. फोडणीचा आवाजही आला नाही. गॅस बंद करून ती आत पलंगावर बसून राहिली. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिचं इतकं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही बोललो ते अगदीच किरकोळ. पुण्याला उन्हाळा कसा, नाशिकरोडच्या घराला गिऱ्हाईक आलंय का, जेसीबीवाला किती बेपर्वाईने चालवतोय. वारा माझ्याकडून तिच्याकडे येत होता. तिने डोकं मागे टेकलं, डोळे मिटले. मी हलायचं नाही असं ठरवलं. पाठ दुखत होती, पाय आखडला होता, तरी हललो नाही. मी असा कुणासाठी नुसता बसलो होतो ते कधी, मला आठवेना.

तिचा श्वास संथ झाला. झोप लागली असावी असं मला वाटलं. तेवढ्यात डोळे न उघडता, रोज कुणाला तरी विचारतात तशा जरा वैतागलेल्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, बीपीची गोळी घेतली का?"

मला कसलीही गोळी चालू नाही.

"घेतली गं," मी म्हणालो.